ही-मॅनवरचा रंग काढायचा, पण व्हिनाइल वाचवायचं

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आईवडिलांच्या जुन्या घराचा माळा उपसताना त्यांना लहानपणीची खेळणी सापडली: लिओ कंपनीचा ही-मॅन, त्याच्याबरोबरचा स्केलेटर आणि फनस्कूल कंपनीचे दोन जी. आय. जो, सगळे प्लास्टिकचे योद्धे. थोरल्या भावाने कधीतरी घरातल्या ऑइल पेंटने ही-मॅनचे पाय काळे केले होते, केसांवर कुणीतरी लाल नेलपेंट लावलं होतं आणि छातीवर मार्करने चिन्ह काढलं होतं. गंमत म्हणजे पायांवरचा काळा रंग इतक्या वर्षांनीही बोटाला चिकटतो. हार्डवेअरवाल्याने थिनर दिला आहे, मित्र म्हणतो नेलपेंट रिमूव्हर वापर. त्यांना विचारायचं होतं की सगळं एका डब्यात रात्रभर भिजत ठेवलं तर चालेल का, आणि साफ झाल्यावर साडेतीन वर्षांच्या मुलीला खेळायला देता येईल का.

आधी थिनरच्या डब्याचं झाकण घट्ट लावा आणि तो बाजूला ठेवा. त्याचा या कामात काही उपयोग नाही. सगळं एका डब्यात भिजवण्याचा विचारही सोडा. मी ठाण्यात बरीच वर्षं जुन्या खेळण्यांची डागडुजी करतो. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या बाहुल्यांपैकी वेळेने किंवा मुलांनी बिघडवलेल्या कमी असतात, रंग काढण्याच्या घाईत बिघडलेल्या जास्त. रंग काढणं अवघड नाही. रंगाखालचं प्लास्टिक ओळखून, त्याला धक्का न लावता रंग काढणं हे खरं काम आहे, आणि एकाच बाहुलीत तीन-चार तऱ्हेचं प्लास्टिक असतं.

मऊ व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ड्रेनेजच्या पाइपातही तेच असतं, पण पाइप कडक आणि बाहुलीचं डोकं मऊ, कारण डोक्याच्या मालात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. जुन्या खेळण्यांत ते बहुतेक थॅलेट जातीचं असायचं. कणकेत मोहन घातल्यावर पोळी खुसखुशीत होते, तसं हे द्रव्य पीव्हीसीच्या रेणूंच्या मधे शिरून त्यांना सैल ठेवतं. ते रासायनिक बंधाने पक्कं जोडलेलं नसतं, नुसतं धरून ठेवलेलं असतं. म्हणून ते काळाच्या ओघात हळूहळू बाहेर येतं. जुन्या बाहुल्यांच्या अंगावर येणारा चिकटपणा बहुतेक वेळा त्याचाच असतो. आणि म्हणूनच एखादा जोरकस द्राव ते झटकन ओढून बाहेर काढू शकतो.

थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटेट, कीटोन अशा द्रावांचं मिश्रण असतं. मऊ व्हिनाइल त्यात ठेवलं की आधी फुगतं. नाकाची, केसांच्या बटांची धार गोल होते. बाहेर काढल्यावर द्राव उडून जातो आणि जाताना प्लास्टिसायझर घेऊन जातो. मग डोकं आक्रसतं, कडक होतं आणि मानेच्या खुंटीवर बसेनासं होतं. यात फसवणारी गोष्ट अशी की डब्यातून काढलं त्या संध्याकाळी सगळं झकास दिसतं. बिघाड आठवड्या-दोन आठवड्यांनी कळतो. कडक प्लास्टिकचं धड त्याच डब्यात असेल तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही. एबीएस आणि पॉलिस्टायरीन ही कडक प्लास्टिकं ॲसिटोनमध्ये आणि थिनरमध्ये सरळ विरघळतात. सकाळी डब्याच्या तळाशी चिकट गोळा मिळेल.

आता तुमच्या बाहुल्यांकडे वळू. ही-मॅनच्या धडाचं प्लास्टिक कडक, बहुधा एबीएस. पाय रबरासारखे लवचीक. डोकं पोकळ. चिलखत आणि शस्त्रं आणखी वेगळ्या मालाची. ही खेळणी मॅटेल कंपनीची, अमेरिकेत 1982 पासूनची, पण पुढे वेगवेगळ्या देशांत बनली आणि आपल्याकडे लिओने परवान्याने बनवली. कारखान्यागणिक माल आणि रंगछटा बदलायच्या. त्यामुळे परदेशी संग्राहकाने सांगितलेलं ‘डोकं अमुक प्लास्टिकचं असतं’ हे तुमच्या हातातल्या डोक्याला लागू पडेलच असं नाही. प्रत्येक भाग स्वतः तपासा.

तपासणी सोपी आहे. भाग बोटांनी दाबा. दबून परत फुगला तर मऊ व्हिनाइल. मग तो सुटा निघत असेल तर पाण्यात बुडवा (ही-मॅनचं धड आणि त्याला जोडलेले पाय मात्र नको, कारण पुढे येईल), पोकळ असेल तर आत अडकलेली हवा दाबून काढा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी बुडतं. एबीएससुद्धा साध्या पाण्यात बुडतं, पण पाण्यात विरघळेल तितकं मीठ घातलं की वर येतं, आणि पीव्हीसी बहुधा तळाशीच राहतं. मुडपलं की पांढरी रेघ येईल अशा चिवट, मेणचट स्पर्शाच्या आणि तरंगणाऱ्या भागांची फार काळजी नको. पॉलिथिलीनवर रंग मुळात धरतच नाही. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि नख एवढ्यावर तो सुटतो. तांब्याची तार तापवून प्लास्टिकला लावायची आणि ज्योत हिरवी होते का ते पाहायचं अशी एक पद्धत सांगितली जाते. ती खरी आहे, पण पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. फ्लॅटमध्ये हे करू नका. मिठाचं पाणी पुरेसं आहे.

प्लास्टिक ओळखलं, आता रंग ओळखायचा. भावाने लावलेला रंग वेगळा आणि कारखान्यातला वेगळा. हे मनात पक्कं नसेल तर हात लावू नका. कारखान्यात व्हिनाइलवर मारायचा रंग मुद्दाम असा बनवतात की त्यातला द्राव व्हिनाइलच्या पृष्ठभागात किंचित शिरतो आणि रंग तिथे मुरतो. घरी लावलेला रंग मात्र वर बसलेला असतो. आपलं सगळं यश या फरकावर आहे. सौम्य द्राव वरचा थर उचलतो, मुरलेल्या थराला फारसं काही करत नाही. जोरकस द्राव दोन्ही काढतो आणि खाली फिकट डाग ठेवतो. ही-मॅनच्या बुटांचा तपकिरी रंग कारखान्यातला आहे आणि तो तुमच्या काळ्या ऑइल पेंटखाली अजून असण्याची शक्यता चांगली आहे. तो वाचला पाहिजे. तसे बूट नंतर कुणालाही रंगवता येतील, पण त्या छटेचे, त्या काळचे बूट परत मिळणार नाहीत.

चेहऱ्याबद्दल तर मी आणखी कडक आहे. डोळे आणि भुवया बहुतेक वेळा पॅड प्रिंटिंगने छापलेल्या असतात. रबराच्या उशीने शाई उचलून चेहऱ्यावर टेकवायची अशी ती पद्धत, आणि तो थर अगदी पातळ असतो. डोळ्यांवर वरून रंग नसेल तर त्या भागाला पाण्यापलीकडे काहीही लावू नका. घासून मूळ रंग थोडा गेलेला डोळा चांगला दिसतो. हाताने रंगवलेला नवा डोळा, रंगवणारा कितीही तरबेज असो, लगेच ओळखू येतो. संग्राहकांच्या बाजारातही झिजलेल्या मूळ रंगाला जी किंमत आहे ती पूर्ण साफ करून नव्याने रंगवलेल्या बाहुलीला नाही. आणि किंमत बाजूला ठेवली तरी, भावाने लहानपणी केलेला उद्योग पूर्ण पुसून टाकायचा का हे त्यालाही एकदा विचारा. काही घरांत तेच खरं मोलाचं असतं. काम सुरू करण्याआधी चारही बाजूंनी स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा. खोट्या नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळतो तो अंधारात मारून बघा. वरचा रंग आणि मूळ रंग बऱ्याचदा त्यात वेगळे चमकतात आणि थर कुठे संपतो ते दिसतं.

आता तो चिकटणारा काळा रंग. तुमच्या भावाचा यात काही दोष नाही आणि डबाही खराब नव्हता. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, पण मऊ व्हिनाइलमधलं प्लास्टिसायझर खालून त्यात शिरत राहतं आणि त्याला कायमचं मऊ ठेवतं. म्हणून मऊ व्हिनाइलवर एनॅमल, म्हणजे असा ऑइल पेंट, कधीच पुरता वाळत नाही. पायांवर चिकट आणि धडावर कोरडा, असं तुमच्याकडे असेल तर पाय व्हिनाइलचे आणि धड कडक प्लास्टिकचं याचा तो आणखी एक पुरावा. आपल्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. पुरता न वाळलेला रंग सौम्य द्रावालाही दाद देतो.

काम असं करा. आधी बाहुली सुटी करा. जी. आय. जो च्या पाठीत एक छोटा स्क्रू असतो. तो काढला की धडाचे दोन भाग, आतला रबरी ओ-रिंग आणि पायांचा आकडा सुटा होतो. योग्य मापाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या, घड्याळवाल्याकडचा संच चालतो. मोठा वापरलात तर स्क्रूचं डोकं खराब होईल. जुना ओ-रिंग तसाही वाळलेला असतो, नवा हार्डवेअरच्या दुकानात मापाने मिळतो. ही-मॅनचं डोकं काढायचं असेल तर फक्त डोकं कडकडीत गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, दोन-तीन मिनिटं धरा. मऊ झालं की हलकेच फिरवत ओढा. थंड डोकं ओढलंत तर मान फाटेल. धड मात्र पाण्यात बुडवायचंच नाही. त्याच्या कमरेत ठोसा मारण्यासाठीची पोलादी स्प्रिंग असते. ती आत गंजली की कंबर फिरणार नाही आणि गंजाचं पाणी जन्मभर बाहेर येत राहील. पाय आत लवचीक रबरी जोडाने धरलेले असतात. तो जुना असतो, म्हणून पाय ओढून काढण्याचा हट्ट धरू नका. जागेवरच पुसून काम करा.

पहिला द्राव म्हणजे कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. यात धूळ, तळहाताचं तेल आणि बाहेर आलेला प्लास्टिसायझर जातो. पोस्टर कलर असेल तर तोही इथेच जातो. फॅब्रिक कलर असेल तर पाण्याने मऊ होऊन सालीसारखा निघतो, त्याला टूथपिकने मदत करा, सुईने नको.

दुसरा द्राव आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात सगळे आयपीए म्हणतात. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ते मिळतं. ठाणे स्टेशनच्या आसपास आणि वाशीत अशी दुकानं भरपूर आहेत, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा प्रिन्सेस स्ट्रीट आहेच. तिथे मिळणारं बहुतेक 99 टक्क्यांचं असतं. ते तसंच वापरू नका. सात भाग आयपीए आणि तीन भाग शुद्ध पाणी असं करून घ्या. पाण्यामुळे ते सावकाश उडतं, रंगावर जास्त वेळ टिकतं आणि व्हिनाइलवर कमी जोर करतं. हँड सॅनिटायझर त्याच्याऐवजी चालत नाही, त्यात ग्लिसरीन आणि घट्ट करणारे पदार्थ असतात. पॉलिशवाल्याकडच्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, तेही नको.

इअर बड आयपीएत बुडवून पिळा. टपकता बड हा या कामातला मोठा शत्रू आहे, कारण द्राव सांध्यात शिरतो आणि तिथे आपल्याला दिसत नाही. पायाच्या मागे, पोटरीखाली, जिथे सहज नजर जाणार नाही अशा जागी नाणं मावेल एवढ्या भागावर बड टेकवा. घासू नका, टेकवून ठेवा, पंधरा-वीस सेकंद. मग फिरवत उचला. बडवर काळा रंग आला आणि खाली बुटाचा तपकिरी दिसला तर तुमची पद्धत ठरली. काळ्याबरोबर तपकिरीही आला तर तिथेच थांबा, आणखी पाणी घाला आणि वेळ कमी करा. व्हिनाइल चिकट किंवा निस्तेज झालं तर त्या दिवसाचं काम बंद. तो भाग पंख्याखाली रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा बघा. प्रत्येक वेळी बडची स्वच्छ बाजू वापरा. मळका बड पुन्हा टेकवला की पातळ झालेला काळा रंग तुम्हीच मूळ रंगाच्या खाचांत भरता, आणि खाचेतला रंग काढणं सपाट जागेवरच्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. एका बैठकीत एक पाय, बस. दुसरा दुसऱ्या दिवशी. व्हिनाइलने शोषलेलं अल्कोहोल उडून जायला वेळ लागतो आणि ते आत असताना वरून आणखी घालत राहिलं की बुडवून ठेवल्यासारखंच होतं.

कडक धडावरचा ऑइल पेंट पूर्ण वाळलेला असेल तर आयपीए त्याला फारसं काही करणार नाही. तिथे धुण्याचा सोडा कामाला येतो. ऑइल पेंटचा पाया तेलाचा असतो आणि अल्कली त्याचा साबण करते. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडा, त्यात कापडाची पट्टी भिजवून, पिळून, रंगावर गुंडाळायची, वरून क्लिंग फिल्म, म्हणजे अन्न झाकायचा पातळ प्लास्टिकचा कागद. तासाभराने मऊ टूथब्रशने घासायचं, स्वच्छ ओल्या फडक्याने पुसायचं, गरज पडली तर पुन्हा. हातमोजे घाला, सोडा कातडी कोरडी करून भेगाळतो. कॉस्टिक सोडा याहून पटकन काम करतो म्हणून तो वापरा असं कुणी सांगेल. नको. डोळ्यांना आणि कातडीला त्याने गंभीर इजा होते, आणि मऊ व्हिनाइलमधल्या प्लास्टिसायझरलाही तीव्र अल्कली तोडते.

नेलपेंट हा वेगळा विषय. त्याचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि त्याला खरा सोडवणारा द्राव ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट. रिमूव्हरच्या बाटलीवर ‘ॲसिटोन नाही’ असं लिहिलेलं पाहून लोक निश्चिंत होतात. त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं आणि तेही एबीएसला खातं. म्हणून कडक प्लास्टिकवर दोन्ही वर्ज्य. मऊ डोक्यावर आधी द्रावाशिवाय प्रयत्न करा. डोकं 50 अंशांच्या आसपासच्या पाण्यात, म्हणजे गिझरच्या गरम पाण्यात, मऊ करा आणि केसांचा भाग बोटांत धरून हलकेच वाकवा. जुनं नेलपेंट ठिसूळ असतं, व्हिनाइल लवतं, त्यामुळे नेलपेंटला तडे जाऊन खपल्या सुटतात. बांबूच्या काडीने त्या उचला. फ्रीजरमध्ये ठेवून खपल्या पाडायचा सल्ला देणारे असतात. तो मानू नका. थंडीत व्हिनाइल कडक होतं आणि पडलं किंवा वाकलं तर तडकतं.

खपल्या निघाल्यावर केसांच्या खाचांत लाल उरेल. तेवढ्यासाठी रिमूव्हर चालेल, पण बड जवळजवळ कोरडा, स्पर्श एक-दोन सेकंद, लगेच दुसऱ्या हातातल्या साबणाच्या ओल्या फडक्याने पुसणं. केसांचा पिवळा मूळ रंग याने थोडासा जाण्याचा धोका आहे, तो पत्करायचा की खाचेत लाल रेघ राहू द्यायची हे तुम्ही ठरवा. मी असतो तर रेघ राहू दिली असती. ॲसिटोन हाताळताना निळे नायट्राइल मोजे फार टिकत नाहीत, ॲसिटोन त्यांतून लवकर पार होतं. जाड रबरी मोजे घाला. आयपीएसाठी नायट्राइल उत्तम.

मार्करची शाई आयपीएने वरवर निघते, पण व्हिनाइलवर असेल तर ती आत उतरते आणि वर्षानुवर्षं पसरत जाते. तुमच्याकडे ती छातीवर, कडक धडावर आहे, म्हणून बहुतेक निघेल. मऊ भागावर डाग उरला तर बाहुल्या दुरुस्त करणारे मुरमांवरचं बेंझॉयल पेरॉक्साइडचं जेल वापरतात. औषधाच्या दुकानात ते अडीच आणि पाच टक्क्यांचं मिळतं. फक्त डागावर जाड थर, वर क्लिंग फिल्म, आणि दोन-तीन तास ऊन. मग धुऊन बघायचं, पुन्हा लावायचं. हे विरंजन आहे, म्हणजे शाईबरोबर व्हिनाइलचा स्वतःचा रंगही फिका करू शकतं. म्हणून डागाबाहेर जाऊ देऊ नका. पावसाळ्यात याच्या नादी लागू नका. जुलैत आपल्याकडे सलग दोन तास ऊन मिळणं मुश्किल, ऑक्टोबरपर्यंत थांबलेलं बरं. हायड्रोजन पेरॉक्साइड पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या प्लास्टिकसाठी वापरतात, रंग काढण्याशी त्याचा संबंध नाही.

बाकीचे सल्ले थोडक्यात निकालात काढतो. डेटॉलमध्ये बुडवणं कडक प्लास्टिकच्या छोट्या मॉडेलसाठी चालतं, हे खरं. पण त्यातलं तेल आणि वास मऊ व्हिनाइलमध्ये मुरतो. शिवाय डेटॉलमधून काढून थेट पाण्याखाली धरलं तर सुटलेल्या रंगाचा डांबरासारखा चिकटा होतो. ब्रेक ऑइल विषारी आहे आणि व्हिनाइलला मऊ करतं. रॉकेल, पेट्रोल प्लास्टिसायझर ओढतात, आणि पेट्रोल घरात उघडणं हा विचारच सोडा. पेंट रिमूव्हर लाकूड आणि लोखंडासाठी बनवलेला असतो. टूथपेस्ट आणि पांढरा मॅजिक स्पंज द्राव नाहीत, ते बारीक पॉलिश पेपर आहेत. रंगाबरोबर व्हिनाइलचा मूळ पोतही घासून काढतात आणि चकचकीत चट्टा ठेवतात.

सुरक्षेची गोष्ट मी शेवटी लिहितोय, पण ती आधी वाचावी. आयपीए आणि ॲसिटोन या दोन्हींची वाफ साध्या तापमानाला पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असते, म्हणजे जमिनीलगत सरकत जाते. काम बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीशी करा. त्या वेळी स्वयंपाकघरातला गॅस बंद, देवघरातलं निरांजन आणि उदबत्ती विझलेली, मच्छर मारायची बॅट हातात नाही. द्राव झाकण असलेल्या काचेच्या छोट्या बरणीत एका वेळी दोन-तीन चमचेच काढा. पाण्याच्या बाटलीत कधीही नाही, विशेषतः घरात लहान मूल असताना.

दुसरं म्हणजे शिसं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. तुमच्या भावाने लावलेला ऑइल पेंट त्याच्या खूप आधीचा आहे. त्यात शिसं आहे असंच समजून वागा. कोरडा रंग पॉलिश पेपरने घासू नका, खरवडून भुकटी करू नका, सगळं ओलं ठेवून काढा. वापरलेले बड, चिंध्या, खपल्या बाल्कनीत, मुलीच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी पूर्ण वाळू द्या, मग जाड पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या. द्राव मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका. ऐरोलीच्या शेजारीच ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. आपल्या गटारांचं पाणी शेवटी कुठल्या बाजूला जातं हे ऐरोलीकराला सांगायला नको.

रंग निघाल्यावर साबणाच्या पाण्याने भाग पुन्हा पुसून घ्या. पोकळ डोक्यात पाणी राहिलं तर आपल्या दमट हवेत आतून बुरशी धरते, म्हणून टिश्यू पेपर पिळून आत घाला, दोनदा बदला, आणि मान खाली करून पंख्याखाली ठेवा. जिथे मूळ रंग गेलाच असेल तिथे नवा लावायचा तर पाण्यातला ॲक्रिलिक घ्या, पातळ थरांत. एनॅमल आणि साधा स्प्रे पेंट व्हिनाइलवर मारू नका, भावाच्या काळ्या रंगासारखा तोही चिकटत राहील. ठेवताना मऊ पाय कडक प्लास्टिकच्या गाडीला किंवा पारदर्शक डब्याला टेकून ठेवू नका. प्लास्टिसायझर सरकून त्या प्लास्टिकवर वितळल्यासारखा खड्डा पाडतं. मधे साधा पांढरा कागद किंवा काच असू द्या. थेट ऊन आणि माळ्यावरची उष्णता दोन्ही टाळा, मे महिन्यात पत्र्याखालचा माळा व्हिनाइलला फार छळतो.

मुलीचं विचारलंत. साडेतीन वर्षांच्या मुलीला ही बाहुली देऊ नका, कितीही साफ झाली तरी. त्या काळच्या मऊ व्हिनाइलमध्ये थॅलेट असणार, मालात शिशाची किंवा कॅडमियमची संयुगंही असू शकतात. युरोपने आणि अमेरिकेने लहान मुलांच्या खेळण्यांतल्या थॅलेटवर निर्बंध आणले ते या खेळण्यांच्या नंतर. या वयातलं मूल वस्तू तोंडात घालतं, आणि जी. आय. जो ची बंदूक घशात अडकण्याइतकी लहान आहे. सध्या बाहुल्या काचेच्या कपाटात, तिच्या नजरेच्या उंचीवर ठेवा. तिला बाबाच्या हातात त्या बघू द्या, त्यांची नावं सांगा. आठ-नऊ वर्षांची झाली की खेळू द्या, खेळून झाल्यावर हात धुवायला लावा. या रविवारी डाव्या पायाच्या पोटरीखालचा तो छोटा भाग तेवढा करून बघा आणि खाली तपकिरी दिसला की काळंच राहिलं, ते मला कळवा. पुढचं प्रमाण त्यावरून सांगतो.